हायब्रिड गाडी: देखणी की कुरूप?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला शेती, पाणी, संतसाहित्य असे विषय शोभतात. आज मी मोटारगाडीच्या रूपाबद्दल बोलणार आहे आणि हा विषय हलका आहे असं मला वाटत नाही. घर आणि जमीन सोडली तर गाडीइतका मोठा खर्च आपल्याकडचं कुटुंब क्वचितच दुसऱ्या कशावर करतं. ती दहा-पंधरा वर्षं अंगणात उभी राहते. लेकीची पाठवणी तिच्यातून होते, रात्री-अपरात्री दवाखाना तीच गाठते. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या वस्तूचं रूप कसं ठरतं, हे समजून घेणं आपल्या हिताचं आहे.

अलीकडे कोणी नवी गाडी बघायला निघालं की हायब्रिडचा विषय निघतोच. मग दोन प्रश्न येतात. ॲव्हरेज किती देते? आणि दिसायला कशी आहे? पहिल्या प्रश्नाला आकडा मिळतो. दुसऱ्याला कोणी नाक मुरडतं, कोणी म्हणतं आता बऱ्या दिसायला लागल्यात. मी या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर देणार आहे, आणि माझं मत आधीच सांगून ठेवतो. ज्या हायब्रिड गाड्यांना जग कुरूप म्हणालं, त्यांतल्या बऱ्याचशा सुंदर होत्या. आणि आज आपल्या रस्त्यावर ज्या हायब्रिड देखण्या म्हणून खपतात, त्यांच्या रूपाबद्दल माझी तक्रार आहे.

आधी यंत्राकडे पाहू. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं, जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. साध्या गाडीत ब्रेक मारला की वेगाची उष्णता होते आणि वाया जाते. इथे ब्रेक मारताना मोटर उलटं काम करते, वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि गाडी पुन्हा हलवायला कामी येते. बाहेरून चार्जिंग लावावं लागत नाही. आपल्या तामसीहून आदिलाबादला जाताना गतिरोधक येतात, गुरं आडवी येतात, कापसाच्या बंड्या पुढे असतात. सारखा ब्रेक, सारखा पिकअप. अशा रस्त्यावर मोटर खूप पेट्रोल वाचवते. पण आदिलाबादहून 44 नंबरच्या महामार्गाला लागलात आणि पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडे सुटलात, की ब्रेक लागतो कुठे? तिथे मोटरचा फायदा बराच कमी होतो आणि गाडीची झुंज वाऱ्याशी सुरू होते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून महामार्गावरही पेट्रोल वाचवायचं असेल तर गाडीचं अंगच असं घडवावं लागतं की वारा त्यावरून सहज निघून जाईल. हायब्रिड गाड्या इतरांहून वेगळ्या का दिसू लागल्या, याचं कारण हे आहे.

वाऱ्याला सर्वांत कमी नडणारा आकार पुढून गोल आणि मागे लांब निमुळता होत जाणारा असतो. गाडीला एवढी लांब शेपटी लावली तर ती गल्लीत वळणार नाही. 1930 च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन तज्ज्ञाने दाखवून दिलं की शेपटी पूर्ण काढायची गरज नाही. उतरत गेलेलं छप्पर योग्य जागी उभं कापलं तरी बराचसा फायदा मिळतो. ही मागून कापलेली पाठ पुढे हायब्रिड गाड्यांची ओळख झाली.

टोयोटाची पहिली प्रियस डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंता. तिचं रूप टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओतल्या अर्विन लुई यांच्या आराखड्यावरून घेतलं होतं. बाहेरून लहान, आतून ऐसपैस, बोनेट आखूड, छप्पर उंच अशी ती गाडी होती. तिला सुंदर कोणी म्हटलं नाही, पण कुरूप म्हणावं असंही तिच्यात काही नव्हतं. दोन वर्षांनी, 1999 मध्ये, होंडाची इनसाइट आली. दोन माणसांची, ॲल्युमिनियमच्या अंगाची, आणि मागची चाकं अर्धी झाकलेली. चाकाच्या कमानीत वारा घुसून घोळतो, तो घुसू नये म्हणून ते झाकण. लोकांना ही गाडी परग्रहावरची वाटली.

मग 2003 मध्ये दुसरी प्रियस आली. या गाडीकडे जरा नीट पाहू या. बोनेट आणि पुढची काच यांच्यात खांदा नाही, एकच चढ आहे. तो चढ चालकाच्या डोक्यावर सर्वांत उंच होतो आणि तिथून छप्पर हळूहळू उतरत मागे जातं. शेवटी पाठ उभी कापलेली. उतरत्या काचेतून मागचा रस्ता पुरेसा दिसेना, म्हणून त्या उभ्या कापात दुसरी एक लहान काच बसवली. आरशात पाहिलं की मधे एक आडवी पट्टी, तिच्या वर एक काच आणि खाली एक काच. वाऱ्याच्या विरोधाचा एक गुणांक असतो, तो जितका लहान तितकं बरं. या गाडीचा तो 0.26 होता. तिच्या अंगावर नुसत्या शोभेसाठी काढलेली रेघ शोधावी लागते. जग तिला हसलं, पण मला ती गेल्या तीस वर्षांतली एक फार देखणी गाडी वाटते. लोकांचे डोळे तीन डब्यांच्या मोटारीला सरावले होते: इंजिनाचा डबा, माणसांचा डबा, सामानाचा डबा. ती चौकट मोडलेली दिसली की आपण तिला कुरूप म्हणून मोकळे होतो.

गंमत अशी की वेगळं दिसणंच तिच्या कामी आलं. 2007 मध्ये अमेरिकेत प्रियस घेणाऱ्यांची एक पाहणी झाली. गाडी घेण्याचं मुख्य कारण कोणतं, या प्रश्नाला 57 टक्के लोकांनी सांगितलं की ही गाडी माझ्याबद्दल काही सांगते. होंडाची सिव्हिक हायब्रिड तेव्हा बाजारात होती, पण ती साध्या सिव्हिकसारखीच दिसे. शेजाऱ्याला कळणारच नाही की याने हायब्रिड घेतली आहे. हीच सिव्हिक हायब्रिड 2008 मध्ये भारतात आली आणि किंमत वीस लाखांच्या वर असल्याने चालली नाही. प्रियस 2010 मध्ये आली, तीही बाहेरून तयार होऊन येणारी, म्हणून महाग. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ती पाहिलेली माणसं विरळाच.

खरोखर कुरूप हायब्रिड कोणती, असं विचाराल तर माझं बोट 2015 च्या अखेरीस आलेल्या चौथ्या प्रियसकडे जाईल. तिचा आकार वाऱ्याच्या दृष्टीने आधीपेक्षाही सरस होता, गुणांक 0.24. पण पुढचे हेडलाइट खाली आकड्यासारखे वाकवले, मागच्या दिव्यांची लाल रेघ वेडीवाकडी वळत बंपरपर्यंत उतरवली. त्या वळणांचा वाऱ्याशी संबंध नव्हता. लोकांचं लक्ष जावं म्हणून घातलेला तो सगळा साज होता. तीनेक वर्षांत कंपनीनेच ते दिवे बदलून सौम्य केले आणि अंगाचा आकार मात्र तसाच ठेवला. दोष कुठे होता, हे यावरून स्पष्ट होतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये पाचवी प्रियस आली. तिच्या मागची हकिकत टोयोटाच्या मंडळींनीच सांगितली आहे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आकिओ टोयोडा यांनी सुचवलं होतं की प्रियसला आता टॅक्सी म्हणूनच का ठेवू नये. घडवणाऱ्या चमूने ते मानलं नाही. लोकांचं मन बसेल अशी गाडी करतो, असा त्यांचा हट्ट होता, आणि त्यांनी ती केली. आधीच्या गाडीपेक्षा 50 मिलिमीटर बुटकी, पुढची काच जवळजवळ आडवी, चाकं मोठी पण टायर अरुंद. 2024 मध्ये तिला जगातल्या सर्वांत देखण्या मोटारीचा, म्हणजे 'वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर'चा मान मिळाला. मीही तिच्या फोटोकडे बराच वेळ पाहत बसतो, ती सुंदर आहे यात शंका नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिचा वाऱ्याचा गुणांक 0.27 आहे. कुरूप म्हणून हिणवलेल्या चौथ्या प्रियसचा 0.24 होता. आणि दुसरी गोष्ट बसणाऱ्याची. छप्पर खाली आलं की मान वाकवून आत शिरावं लागतं. गुडघे दुखणारी आजी, नऊवारी नेसलेली मावशी, धोतर सावरत बसणारे आजोबा यांना अशा गाडीत बसवून बघा. रस्त्यावरून पाहणाऱ्याचे डोळे सुखावताना आत बसणाऱ्याला त्रास होत असेल, तर त्या रूपाला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

इथे मला एका मराठी माणसाकडे वळायचं आहे. भारतात हायब्रिड गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या नावातच तो आहे. 1869 साली बेळगाव भागात जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. तो नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. सुरुवातीचे नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना माळरान दिलं आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. औंधचं संग्रहालय पाहिलेल्यांना त्यांची नजर माहीत आहे. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला चित्रकार राजाने आधार दिला आणि त्यातून महाराष्ट्राचा यंत्रउद्योग उभा राहिला, ही गोष्ट आपण मुलांना पुरेशी सांगत नाही.

लोखंडी नांगर शेतकऱ्यांना आधी कुरूपच वाटला असणार. लाकडी नांगराच्या ओळखीच्या आकारापुढे तो परका होता. पण त्याचा वाकलेला फाळ माती उलटण्यासाठीच तसा वाकलेला होता, आणि काम दिसू लागल्यावर डोळे त्याला सरावले.

लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी हात मिळवला. प्रियस जपानमध्ये आली त्याच 1997 साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला तिचा कारखाना झाला. तुम्ही कापूस पिकवणारी माणसं, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. टोयोटाचं घराणं मुळात मागवाल्यांचं आहे. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले, आणि त्याच घराने पुढे मोटारी केल्या. कापसाच्या धाग्यातून एक घराणं आलं, नांगराच्या फाळातून दुसरं, आणि दोघांनी मिळून केलेली गाडी आज आपल्या रस्त्यावर आहे. 25 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईत इनोव्हा हायक्रॉस लोकांपुढे आली तेव्हा विक्रम किर्लोस्कर हजर होते. चारच दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडच्या हायब्रिड. हायक्रॉस, टोयोटाची हायरायडर, तिचीच जुळी बहीण मारुती ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी. यातली कोणतीही हायब्रिड आणि तिची साधी पेट्रोल बहीण शेजारी उभी करा. फरक कुठे दिसतो? कुठे बोधचिन्हाभोवती थोडी निळी छटा, कुठे मागे एक छोटी पाटी. बाकी बहुतेक सगळं तेच. अमेरिकेत वेगळेपणा मिरवला गेला, आपल्याकडे तो लपवला गेला. यामागे व्यापाराचा हिशेब आहे, तो मला कळतो. आपला ग्राहक लाखो रुपये घालून विचित्र दिसणारी गाडी घेणार नाही, रिसेलला कोण विचारेल ही धास्तीही असते. ग्रँड व्हिटारा हायब्रिडचं ॲव्हरेज कंपनीच्या दाव्याप्रमाणे लिटरला 27.97 किलोमीटर आहे, तेही धिप्पाड जीपगाडीच्या अवतारात. मग वेगळं रूप कशाला, असं कोणीही म्हणेल.

पण दुसऱ्यासाठी बेतलेलं अंग घातल्याची किंमत द्यावी लागतेच. ग्रँड व्हिटाराची डिकी उघडा. पेट्रोलवालीत दोन मोठ्या बॅगा आणि वर गाठोडं राहतं. हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकीची फरशी वर आलेली आहे, जागा शंभरेक लिटरने कमी. बॅटरीला घर आधीपासून दिलं असतं तर ती डिकीत शिरली नसती. आणि तो पुढचा चेहरा पाहा: उभं उंच नाक, फुगवलेलं बोनेट, मोठी जाळी. इंजिन असल्यामुळे हवेला वाट द्यावी लागते, जाळी हवीच. पण एवढी? तिच्या मागचा बराच भाग बंद असतो, तेवढी जाळी फक्त रुबाबासाठी असते. ज्या गाडीचा सगळा डाव थेंब-थेंब पेट्रोल वाचवण्याचा, तिने वाऱ्यापुढे छाती काढून उभं राहावं हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या रस्त्यांना उंच गाडीच लागते. खरं आहे. पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीतून एकदा गाडी काढली की जमिनीपासूनच्या उंचीचं महत्त्व कोणी शिकवावं लागत नाही. पोट उंच हवं, ते मान्य. नाक उंच कशाला? अमेरिकेतल्या रस्ते-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने 2023 मध्ये दाखवलं की 40 इंचांहून उंच बोनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त असते. ज्या रस्त्यावर शाळेची मुलं दप्तर घेऊन चालतात, तिथे हा आकडा साधा नाही. उंच नाकासमोर उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसतही नाही. अशा चेहऱ्याला मी देखणा म्हणू शकत नाही.

हायक्रॉसबद्दल मात्र चांगलं बोललं पाहिजे. जुन्या इनोव्हात इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असे. हायक्रॉसमध्ये ती पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे आतली फरशी सपाट झाली आणि मधल्या-मागच्या माणसांना पाय ठेवायला जागा मिळाली. चेहरा तिचाही जीपगाडीचा केला आहे, पण दार उघडून आत बसलं की कोणीतरी म्हाताऱ्या माणसांचा विचार केल्याचं जाणवतं.

आपल्याकडची बैलांची दमणी आठवा. आज ती क्वचितच दिसते. कापूस वाहायची बंडी जड, बसून जायची दमणी हलकी, वर ऊन-पावसाला छप्पर. चाकाचे आरे, त्यावर चढवलेली लोखंडी धाव, बैलांच्या मानेला न काचणारं जू, यातलं काहीही सुताराने नुसतं दिसावं म्हणून केलेलं नसे. रंग आणि घुंगरं नंतर चढत. आणि तरी दमणी गावात शिरली की माणसं थांबून बघत. हायब्रिड गाडीचं रूप मला या रीतीने झालेलं हवं आहे. आधी वारा, बॅटरी, बसणारा आणि रस्त्यावरचा माणूस यांचा विचार व्हावा आणि रंगरंगोटी त्यानंतर यावी. 2003 च्या प्रियसने हे केलं होतं. आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या माणसांसाठी ते अजून कोणी केलेलं नाही.

ते करणार कोण? जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगर इथे सुमारे 20 हजार कोटींच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या तिथे बनायच्या आहेत. म्हणजे मराठवाड्यात गाड्या जोडल्या जातील. पण त्यांचा आकार ठरवणारी टेबलं कुठे असतील? मराठी बोलणाऱ्या मुलांनी फक्त नट-बोल्ट आवळायचे आणि रेघ दुसऱ्याने ओढायची, हे मला मान्य नाही. आपल्या रस्त्यावरून चाललेलं, आपल्या आजीला गाडीत बसवलेलं मूल जेव्हा गाडीचं चित्र काढेल, तेव्हा ते दाराची उंची आणि बोनेटचा उतार वेगळा काढेल, यावर माझा विश्वास आहे.

म्हणून पालकांना विनंती आहे. वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढत बसणाऱ्या मुलाला किंवा मुलीला रागावू नका. ते चित्र हातात घ्या आणि विचारा की यात बॅटरी कुठे बसते, आजी कुठून चढते. बारावीनंतर वस्तूंचं रूप घडवण्याचं शिक्षण आयआयटीत मिळतं, त्यासाठी 'यूसीड' नावाची प्रवेशपरीक्षा असते. या परीक्षेला शाखा कोणतीही चालते, कला शाखासुद्धा. मुंबईची आयआयटी 1969 पासून हा विषय शिकवते, आणि आपल्याच तेलंगणात संगारेड्डीजवळ कंदी इथल्या आयआयटी हैदराबादमध्येही या परीक्षेतून प्रवेश मिळतो. परीक्षा जानेवारीत होते, अर्ज त्याआधी काही महिने भरावा लागतो. आपल्या गावातल्या शिक्षकांनी येत्या दसऱ्यापूर्वी अकरावी-बारावीच्या प्रत्येक वर्गात ही माहिती सांगावी, एवढं मागून मी थांबतो.